बाणांच्या पावसातला वीर

मोहाडीच्या माझ्या घराच्या ओसरीवर एक जुने कॅलेंडर टांगलेले आहे. त्याचे साल केव्हाच उलटून गेले, तारखांचा कागद फाटून गेला. चित्र तेवढे राहिले. चित्र अभिमन्यूचे आहे. दोन्ही हातांनी रथाचे चाक उचललेला, गालांवर गुलाबी तजेला असलेला, अंगावरचा शेला जागचा न हललेला असा तो राजबिंडा मुलगा कित्येक वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत उभा आहे. सहा महारथींनी त्याला घेरले, असे कथा सांगते. चित्रात ते महारथी नाहीत. बाणही नाहीत.

या चित्रात काही उणे आहे, असे मला यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत कधी वाटले नव्हते. सुट्टीत नागपूरच्या एका स्नेह्यांनी जपानी वीरचित्रांच्या प्रतिकृतींचे एक जाडजूड पुस्तक हाती ठेवले आणि माझी झोप उडाली. मी चित्रकलेचा अधिकारी नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पोरांना शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. परंतु एका ऐतिहासिक कादंबरीत मीही एक वीर उभा केला आहे. सुताराने दुसऱ्या सुताराची चौकट पाहावी, तशी मी ही चित्रे पाहिली.

ही चित्रे लाकडी ठशांवरून छापली जात. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कोरक्या तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून रेघ तेवढी ठेवी आणि बाकीचे लाकूड कोरून काढी. मूळ रेखाटन त्यातच नष्ट होई. मग एकेका रंगासाठी वेगळा ठसा, आणि प्रत्येक ठशावर तोच कागद नेमका बसवून हाताने घासून छपाई. या साऱ्याचा खर्च आणि जोखीम प्रकाशकाची. चित्र विकले जाई ते रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला, एका वाटी शेवयांच्या आसपासच्या किमतीत. आपण आज ज्याला थोर कला म्हणतो, ते त्या काळचे कॅलेंडरच होते. म्हणून तर माझ्या ओसरीशी त्याची तुलना करण्याचे धाडस मला झाले.

या प्रकारातला मोठा कलावंत उतागावा कुनियोशी. 1827 साली त्याने ‘सुइकोदेन’ या चिनी कादंबरीतल्या एकशे आठ बंडखोर वीरांची चित्रमाला सुरू केली आणि एदो शहराने, म्हणजे आजच्या टोकियोने, त्याला डोक्यावर घेतले. अंगभर गोंदलेले ते वीर पाहून लोक स्वतःच्या अंगावर तशी चित्रे गोंदवून घेऊ लागले. पण मला खिळवून ठेवले ते त्याच्या उतारवयातल्या, 1851 च्या सुमाराच्या एका चित्राने. तीन कागद जोडून ते केले आहे. विषय आहे 1348 सालची शिजोनावातेची लढाई. ऐन विशीतला कुसुनोकी मासात्सुरा आपल्या सम्राटासाठी मूठभर माणसांनिशी प्रचंड सैन्यावर चालून गेला आणि मारला गेला. निघण्यापूर्वी त्याने देवळाच्या दारावर बाणाच्या टोकाने आपली अखेरची कविता कोरली, अशी आख्यायिका आहे.

कुनियोशीने येथे काय केले आहे? त्याने बाण काढले आहेत. एक नाही, दहा नाही. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ, घट्ट, एकसारख्या रेघा. आपल्याकडे आषाढातल्या झडीत शेतकरी घोंगडी डोक्यावर घेऊन वाऱ्याच्या तोंडी वाकून चालतो, तशी ती माणसे त्या बाणांच्या तोंडी वाकून चालत आहेत. बाण सोडणारा कोठे ठळक दिसत नाही. वीराचे शौर्य त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले नाही. ते त्याच्या पाठीच्या वाकात आहे. समोरून येणाऱ्या गोष्टीचे वजन चित्रकाराने आधी मोजले, आणि मग त्या वजनाखाली माणूस उभा केला.

यावर कोणी म्हणेल, ही जपानी माणसाची तऱ्हा; आपल्याला वीर हवा तो प्रसन्न, विजयी. मला हे पटत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथींची पाने आहेत. हातात एकेक पान धरून, वाद्याच्या साथीवर रामायण-महाभारतातली आख्याने गावोगाव सांगणारे हे लोक. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी ही कला आजवर सांभाळली आहे, आणि त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्रीही मिळाली. या चित्रांतले चेहरे एका बाजूने काढलेले, डोळा मोठा आणि टक्क उघडा. शाळेच्या सहलीत मी तेथे लढाईचे एक पान पाहिले होते. डावीकडचा योद्धा जेवढा, तेवढाच उजवीकडचा. कोणाच्या बाजूने देव आहे हे आकारावरून कळू नये. सांगणाऱ्याला ठाऊक होते की शत्रू लहान काढला तर ऐकणारे उठून जातील. तेव्हा बाण पुसण्याची खोड आपल्या रक्तातली नाही. ती आपण मागाहून लावून घेतली आहे.

पण कुनियोशीच्या देशातही पुढे हेच झाले, आणि ते फार महागात पडले. मासात्सुराचा बाप मासाशिगे 1336 साली हरणार हे ठाऊक असलेल्या लढाईला गेला. जाताना सकुराई येथे त्याने लहानग्या मासात्सुराला घरी परत पाठवले. या निरोपाचा धडा महायुद्धापर्यंत जपानी शाळांतून शिकवला जाई. आज्ञापालन कसे असावे, याचा तो नमुना होता. कुसुनोकी घराण्याचे चिन्ह पाण्यावर तरंगणारे शेवंतीचे फूल, ‘किकुसुई’. 1945 साली ओकिनावाच्या समुद्रात तरुण वैमानिकांना विमानासकट शत्रूच्या जहाजांवर आदळायला धाडले, त्या मोहिमेचे नाव हेच. कुनियोशीच्या चित्रातले बाण कोणीतरी पुसून टाकले होते. खाली उरले ते नुसते फूल.

शाळामास्तर म्हणून ही गोष्ट मला टोचते. धडा शिकवणारे मास्तर वाईट नसतील. त्यांनी वीर शिकवला, बाण शिकवले नाहीत, एवढेच.

पुस्तक परत करण्याआधी मी माझी कादंबरी काढून वाचली. माझा नायक सतरा लढाया लढतो. त्याला एकदाही तहान लागत नाही. त्याचा हात एकदाही कापत नाही. शत्रूच्या एकाही शिपायाला मी नाव दिलेले नाही. त्या वेळी मला तो भव्य वाटला होता. आता तो ओसरीवरच्या चित्राचा सख्खा भाऊ वाटतो. वाचकांची पत्रे आली होती, एका शाळेने बक्षीससमारंभात ती कादंबरी मुलांना वाटलीही होती. त्या मुलांच्या हाती मी काय दिले, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

आमच्या गावची काही मुले रोज पहाटे सैन्यभरतीसाठी सडकेने धावतात. त्यांतली दोन-तीन माझ्या हाताखालून गेलेली. फाटकाशी मी दिसलो की ‘नमस्कार गुरुजी’ म्हणून पुढे जातात. त्यांनी धावू नये असे मी कधी म्हणणार नाही. कोणीतरी जायलाच हवे, आणि जाणाऱ्याचा मान मोठाच. परंतु जो जाणार आहे त्याला वाऱ्याची दिशा कळलेली असावी. कुनियोशीने ती कळवली, आणि तरीही त्याचा मासात्सुरा पाऊल मागे घेत नाही. माझ्या लेखी त्या चित्राची थोरवी एवढीच आहे, आणि ती थोडी नाही.

दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनी विचारले, हे जुनाट कॅलेंडर काढू का? मी नको म्हटले. नवी कादंबरी लिहायला बसतो ती त्याच्यासमोरच. उरलेले सहा जण कोठे उभे होते, ते मला आता लिहायचे आहे.