मान, अनुनय आणि अभय

व्हिडिओ गेम म्हटला कीं आपल्या सुशिक्षित घरांतील वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें बंदुकांचा धडाका आणि मुलांच्या अभ्यासाची हेळसांड एवढेंच चित्र उभें राहतें. ह्या चित्रांत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याच्या आड एक वाङ्मयीन घटना झांकली गेली आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ह्या खेळांची एक अशी शाखा वाढीस लागली आहे कीं, तींत शस्त्राइतकेंच महत्त्व संभाषणाला असतें. इंग्रजींत तिला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. आपण तिला भूमिका-खेळ म्हणूं. खेळणारा एखाद्या कल्पित वीराची किंवा वीरांगनेची भूमिका घेऊन प्रवासास निघतो आणि वाटेंत त्याला चार-सहा सोबती मिळतात. रात्रीं तळ पडला कीं तो त्यांच्याशीं बोलतो. पडद्यावर तीन-चार उत्तरें लिहून येतात, त्यांतील एक तो निवडतो, आणि निवडीप्रमाणें सोबत्याचें मन त्याच्याकडे वळतें किंवा त्याच्यापासून दुरावतें. ह्या संभाषणांतूनच प्रेमकथा उभ्या राहतात. आपल्या घरचे तरुण ज्या कथेंत कित्येकदां शंभरावर तास घालवितात, ती कथा परीक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवणें टीकाकाराला शोभणारें नाहीं.

ह्या प्रेमकथांत एक पात्र पुनःपुन्हां भेटतें. त्याच्या बोलण्याला धार असते. उपकार केला तर त्यालाच संशय येतो, आणि पूर्वायुष्याचा विषय निघाला कीं तें थट्टा तरी करतें किंवा उठून तरी जातें. कधीं तें पात्र स्त्री असतें, कधीं पुरुष. पण मनाची कवाडें आंतून लावून घेतलेलीं असतात, एवढें मात्र ठरलेलें. खेळणाऱ्यानें तीं कशीं उघडावयाचीं हाच कथेचा विषय होऊन बसतो.

आपल्या साहित्यशास्त्राला ही परिस्थिति अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. मानिनी नायिका व तिचा अनुनय हा शृंगाराचा जुना प्रांत आहे. धनंजयाच्या ‘दशरूपका’ंत आणि पुढें विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणां’त मान घालविण्याचे सहा उपाय सांगितले आहेत : साम, भेद, दान, नति, उपेक्षा आणि रसान्तर. गोड बोलावें, सखीला आपल्या बाजूस वळवावें, अलंकार द्यावे, पायां पडावें, तेंहि साधलें नाहीं तर दुर्लक्ष करावें, किंवा भय-हर्षादि दुसऱ्या भावाच्या धक्क्यानें कोपाचा विसर पाडावा. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. मान हा प्रेमांतील रुसवा आहे. तो प्रेम जडल्यानंतर येतो, आणि मानिनीनें दार लावलें असलें तरी कोणी तें ठोठवावें ही तिचीच इच्छा असते. आमच्या ह्या खेळांतील सोबत्यांनीं दार लावलें आहे तें रुसून नव्हे, तर भिऊन. त्यांचें मौन प्रेमाच्या आधींचें आहे आणि त्याच्या मुळाशीं कोणी तरी केलेला घात आहे. रुसलेल्याला अनुनय हवा असतो. भ्यालेल्याला अभय हवें असतें. ज्या लेखकांना हा भेद कळला त्यांच्या हातून चांगल्या कथा झाल्या, आणि ज्यांनीं भयालाच मान समजून सहा उपायांचा मारा केला त्यांच्या कथा कुलूप-किल्लीच्या कोड्यापलीकडे गेल्या नाहींत, असा आमचा अभिप्राय आहे.

ह्या परंपरेच्या आरंभींचें एक ठळक उदाहरण २००० सालच्या ‘बाल्डुर्स गेट २’ ह्या खेळांतील विकोनिया हिचें होय. ती ड्राऊ ह्या भूमिगत व कुप्रसिद्ध जमातीची. नगरांतील जमाव तिला जिवंत जाळण्याच्या बेतांत असतांना खेळणारा तिला सोडवूं शकतो. कृतज्ञतेच्या चार शब्दांची अपेक्षा करणाऱ्याच्या पदरीं टोमणेच पडतात. पुढें प्रवासांत तुटक तुटक बोलण्यांतून कळतें कीं, तिनें एकदां माणसांच्या वस्तीजवळ शेतजमीन घेऊन स्थिर होण्याचा प्रयत्न केला होता, आणि तिचें खरें रूप कळतांच शेजाऱ्यानेंच तिचा घात केला. तिच्या मनाचा पारा दाखविणारें कोणतेंहि यंत्र ह्या खेळांत पडद्यावर दिसत नाहीं. एखादें उत्तर चुकलें कीं धागा तुटतो, आणि कित्येकदां तो केव्हां तुटला हेंहि कळत नाहीं. ही रचना ओबडधोबड खरी, परंतु तींत दुसऱ्याच्या मनाविषयींचा आपला अज्ञानीपणा शाबूत राहतो आणि त्यामुळें बोलतांना एक प्रकारचा संकोच पाळावा लागतो.

पुढें हा संकोच गेला. विकोनियाची कथा रचणाऱ्या कॅनडांतील बायोवेअर ह्याच संस्थेनें २००९ सालीं ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा खेळ काढला. त्यांत प्रत्येक सोबत्याच्या मर्जीला आंकडा आहे. तो उणे १०० पासून अधिक १०० पर्यंत चढतो-उतरतो आणि खेळणाऱ्याला उघड दिसतो. भेटवस्तु दिली कीं तो वाढतो. शास्त्रांतील तिसरा उपाय जें दान, तें येथें दुकानांत विकत मिळूं लागलें! मॉरिगन ही अरण्यांत वाढलेली मांत्रिक स्त्री दागिन्यांची शौकीन आहे. तेव्हां चार दागिने दिले कीं तिच्या कडवट बोलण्याची भरपाई होऊन हिशोब जमेकडे झुकतो. प्रेमाची अशी खतावणी मांडणें हा ह्या खेळाचा मोठा दोष होय.

तरीहि मॉरिगनची कथा ह्या दोषाला पुरून उरते, आणि त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. लहानपणीं एकदां अरण्याबाहेर डोकावली असतांना तिनें एका सरदारणीच्या गाडींतून सोन्याचा हातआरसा पळविला होता. तिची आई फ्लेमेथ हिनें तो जमिनीवर आपटून फोडला. सुंदर वस्तूचा मोह म्हणजे दुबळेपणा, हा धडा मुलीला द्यावयाचा होता. पुढें बुटक्या लोकांच्या ओर्झामार नगरांत खेळणाऱ्याला तसाच आरसा मिळूं शकतो. तो हातीं पडल्यावर मॉरिगन हरखून जात नाहीं, ती गोंधळते. आजवर मिळालेल्या प्रत्येक भेटीची कांहीं तरी किंमत द्यावी लागली होती, असें ती कबूल करते. दानाचा उपाय जिच्यावर चालावयाचा तिनेंच दानाविषयींची शंका बोलून दाखविली. लेखकानें आपल्याच खेळाच्या हिशोबवहीवर येथें शेरा मारला आहे असें आम्हांस वाटतें.

ह्याहून महत्त्वाचें पुढेंच आहे. मर्जीचा आंकडा चढत चढत प्रेमापर्यंत पोंचला कीं मॉरिगन जवळ येण्याऐवजीं मागें सरते. प्रेम हा दुबळेपणा आहे, हें येथेंच थांबवावें, असें ती म्हणूं लागते. आईचा धडा आंकड्याहून खोल गेलेला असतो. शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्रीं उघड होतें कीं, ती आरंभापासून आईनें सोंपविलेला एक हेतु मनांत ठेवून बरोबर आली होती. तो हेतु साधला तरी ती जाते, आणि खेळणाऱ्यानें नकार दिला तरी ती जाते. २०१० सालच्या ‘विच हंट’ ह्या पुरवणींत तिची पुन्हां गांठ पडते. पण तेथेंहि ती परत येत नाहीं. संग हवाच असेल तर खेळणाऱ्यानें आपलें जग सोडून तिच्यामागें जावयाचें असतें. तिचा मार्ग तिचाच राहिला म्हणूनच ही प्रेमकथा वाचनीय झाली.

हीच दिशा पुढील दोन खेळांत थोडक्यांत पण स्पष्ट दिसते. ‘मास इफेक्ट २’ (२०१०) मधील जॅक ही बालपणीं प्रयोगशाळेंत छळली गेलेली स्त्री स्वतःच खेळणाऱ्यापुढें मनाचा संबंध नसलेली शरीराची जवळीक मांडते. ती त्यानें उतावीळपणें स्वीकारली तर पुढील खरी प्रेमकथा कायमची बंद होते. ‘ड्रॅगन एज २’ (२०११) मधील फेनरिस हा पळून आलेला गुलाम, प्रेमाच्या पहिल्या रात्रींच, गमावलेल्या आठवणी क्षणभर परत येऊन पुन्हां नाहींशा झाल्यामुळें, व्याकुळ होऊन निघून जातो. कथेंत मध्यें तीन वर्षें जातात, तेव्हां कुठें तो त्या रात्रीविषयीं बोलतो. कोणतीहि भेटवस्तु हा काळ कमी करूं शकत नाहीं.

परंतु भय आणि अभय हा विषय सर्वांत पूर्णपणें हाताळला गेला तो बेल्जममधील लॅरियन स्टुडिओजच्या ‘बाल्डुर्स गेट ३’ (२०२३) ह्या खेळांत, ॲस्टारियन ह्या पात्राच्या रूपानें. ॲस्टारियन हा रक्तपिपासू योनींतला. काझाडोर नांवाच्या धन्यानें त्याला सुमारें दोनशें वर्षें गुलामींत ठेविलें, आणि त्याचें काम एकच : रूपानें व गोड बोलण्यानें माणसांना भुलवून धन्याच्या घरीं आणावयाचें. त्यामुळें हें पात्र इतरांहून उलट वागतें. तें दार लावून बसत नाहीं. उलट पहिल्या कांहीं दिवसांतच खेळणाऱ्याशीं लाडीगोडी सुरू करतें. पुढें कळतें कीं ती लाडीगोडी हीच त्याची तटबंदी होती. आपल्याला संरक्षण मिळावें म्हणून जुनीच विद्या त्यानें येथेंहि वापरली होती. अनुनयाचे सहा उपाय नायकाच्या हातांतून काढून भ्यालेल्या माणसाच्या हातीं दिले म्हणजे काय होतें, तें लेखकानें येथें दाखविलें आहे.

कथेच्या मध्यावर एक छोटा प्रसंग आहे. आराज ओब्लोड्रा नांवाची एक बाई ॲस्टारियननें आपल्याला चावावें असा हट्ट धरते आणि त्याबद्दल शरीरबळ कायमचें वाढविणारें औषध देऊं करते. ॲस्टारियन ‘नको’ म्हणतो. खेळणाऱ्यापुढें प्रश्न उभा राहतो : सोबत्याच्या नकाराला मान द्यावयाचा, कीं त्याला भीड घालून बक्षीस पदरांत पाडून घ्यावयाचें? आग्रह केला तर तो तेंहि करतो; दोनशें वर्षें त्यानें दुसरें केलें तरी काय? आग्रह केला नाहीं तर तो पुढें सावकाश येऊन आभार मानतो, कारण आपल्याला काय हवें ह्याची विचारपूसच आजवर कोणी केली नव्हती. त्यानंतरच तो आपल्या लाडीगोडीमागचा हेतु कबूल करतो, आणि शरीराच्या जवळिकीशिवायहि बरोबर राहतां येईल असें आश्वासन खेळणारा देऊं शकतो. खेळाच्या हिशोबानें ज्यांत तोटा आहे तेंच येथें प्रेमाचें पहिलें कृत्य ठरतें.

शेवटीं काझाडोर हातीं सांपडतो. त्यानें मांडलेला बळींचा विधि ॲस्टारियननें स्वतःसाठीं पुरा केला तर त्याला अफाट सामर्थ्य मिळेल. पण त्यासाठीं सात हजार जीवांची आहुति द्यावी लागेल. खेळणाऱ्यानें साह्य केलें तर तो समर्थ होतो, आणि लगेच प्रेयसीला वा प्रियकराला आपल्या ताब्यांतील दास करूं पाहतो. म्हणजे काझाडोर मेला तरी त्याची गादी रिकामी राहत नाहीं. त्याला परावृत्त केलें तर तो धन्याला मारून ढसाढसा रडतो आणि मोकळा होतो. मात्र त्याला सूर्यप्रकाशाला पुढें मुकावें लागतें. मुक्तीची ही किंमत लेखकांनीं चुकविली नाहीं, ह्याबद्दल त्यांची प्रशंसा केली पाहिजे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, हा सारा देखावा आहे. नकार देणाऱ्या पात्राचा नकारहि लेखकानेंच लिहिलेला. आक्षेप खरा, पण तो शकुंतलेलाहि लागू आहे. कादंबरीचा वाचक नायकाच्या कठोरपणाबद्दल हळहळतो आणि पान उलटतो. येथें तो कठोरपणा खेळणाऱ्यानें स्वतः निवडलेला असतो, आणि म्हणून त्याची टोंचणी वेगळी असते. खरा आक्षेप दुसराच आहे. ह्या खेळांत डाव जतन करून ठेवण्याची सोय असते. उत्तर चुकलें, सोबती रागावला, तर जुना डाव पुन्हां उघडून दुसरें उत्तर देतां येतें. ज्याच्यापुढें आपण हवें तितक्यांदा पूर्ववत् होऊं शकतों, त्याच्या ‘नाहीं’ला वजन कितीसें उरणार? वर वर्णिलेल्या चांगल्या कथांनीं ह्यावर एक तोड काढली आहे : कृत्याचें फळ लगेच न देतां फार पुढें द्यावयाचें, म्हणजे मागें फिरण्याचा मोह ओसरतो. तोड चांगली आहे, पण ती पुरती आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. शिवाय ‘बाल्डुर्स गेट ३’ मध्येंहि सोबत्यांच्या पसंतीची मोजपट्टी आहेच. आणि पहिल्या विजयाच्या मेजवानीच्या एकाच रात्रीं एकाहून अधिक सोबती हृदयदानास सिद्ध झालेले दिसतात, हें त्या कथेच्या गांभीर्याशीं विसंगत आहे.

असो. आमच्या मतें अशा कथेची कसोटी एकच. पात्राचें मन किती अवघड रीतीनें उघडलें हें पाहूं नये; तें उघडल्यावरहि पात्राला जाण्याची, थांबण्याची, नाकारण्याची मुभा उरली कीं नाहीं, तें पाहावें. मॉरिगन जाऊं शकते, फेनरिस थांबूं शकतो, ॲस्टारियनला ‘नको’ म्हणतां येतें. म्हणून तीं पात्रें खेळ संपल्यावरहि मनांत राहतात. आपल्या घरचा तरुण मुलगा वा मुलगी ह्या कथांत गुंतलेली दिसली, तर वडील मंडळींनीं यंत्र बंद करण्यापूर्वीं त्या सोबत्याचें नांव विचारावें, आणि त्यानें नकार दिला तेव्हां तूं काय केलेंस हेंहि विचारावें. त्या उत्तरांतून मुलाचा स्वभावहि थोडाफार कळेल, आणि खेळाची योग्यताहि.