मिसमॅच कोण म्हणतंय?

माझं लग्न ठरलं तेव्हा मावशीनं आमच्या दोघांचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली एका काकांनी एकच शब्द लिहिला, ‘मिसमॅच’. पुढे हसरी इमोजी. मी एम.कॉम., बँकेत. तो बारावी, मोबाइल दुरुस्तीचं दुकान. जात वेगळी. शिवाय तो माझ्यापेक्षा चार बोटं बुटका. यातलं नेमकं काय जुळत नव्हतं, ते काकांनी लिहिलं नाही. मराठीत लिहायचं तर काहीतरी स्पष्ट लिहावं लागलं असतं. उंची म्हणावं लागलं असतं, किंवा जात. इंग्रजी शब्दानं त्यांची ती अडचण सोडवली.

तेव्हापासून मला अशा शब्दांचा नाद लागलाय.

‘मॅच’ हा जुना इंग्रजी शब्द. मूळ अर्थ जोडीदार, बरोबरीचा. म्हणून क्रिकेटचीही मॅच आणि लग्नाचीही मॅच. बरोबरीचे दोघे समोरासमोर आले की झाली मॅच. त्याला ‘मिस’ लागला की बरोबरी गेली, एवढंच कळतं. वर कोण, खाली कोण, ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं.

‘मिसअलायन्स’ त्या मानानं उघड बोलतो. हा फ्रेंचांकडून अठराव्या शतकात इंग्रजीत आला. अलायन्स म्हणजे युती, दोन घराण्यांची. त्यातल्या एका घराण्यानं आपल्यापेक्षा खालच्याशी सोयरीक केली की ती मिसअलायन्स. गंमत अशी, की खालच्या घरी त्याच लग्नाला कुणी हा शब्द लावत नाही. तिथे पोरानं नशीब काढलेलं असतं! एकच मांडव, एकच अक्षता, पण शब्द फक्त वरच्या खुर्चीतून येतो. आपल्या शास्त्रकारांनी निदान दिशा सांगून ठेवली होती. वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालची स्त्री, तर अनुलोम. उलट असेल तर प्रतिलोम, आणि ते जास्त वाईट. काकांच्या हिशेबात माझं लग्न प्रतिलोम होतं. फक्त ते लिहायची आता सोय राहिलेली नाही.

बर्नार्ड शॉचं याच नावाचं नाटक १९१० साली लंडनमध्ये रंगमंचावर आलं. अंतर्वस्त्रांच्या धंद्यात गब्बर झालेल्या माणसाची मुलगी हायपेशिया आणि एका लॉर्डाचा किरकिऱ्या मुलगा, यांचं लग्न ठरलेलं आहे. इकडे पैसा, तिकडे कूळ. तेवढ्यात एक विमान थेट घराच्या काचेच्या बागेत कोसळतं आणि त्यातून उतरलेल्या देखण्या तरुणाच्या मागे हायपेशिया लागते. शॉ मजा आणतो. ठरलेली जोडीच सगळ्यात विजोड, हे तो हसत हसत दाखवतो. पण माझी तक्रार आहे. त्याची माणसं इतकं छान वाद घालतात की त्यांना दुखतं कुठे ते कळतच नाही. नाटक संपलं तेव्हा मला एकाही जोडीची काळजी वाटली नाही.

ती काळजी वाटते जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मध्ये. कादंबरी १८७१-७२ची, जाडजूड आहे. मी लोकलमध्ये फोनवर वाचली, महिने लागले. डोरोथिया विशीचीही नाही, आणि कॅसॉबन पंचेचाळिशी ओलांडलेला, कधीच पूर्ण न होणाऱ्या ग्रंथात बुडालेला विद्वान. लोक नाकं मुरडतात, पण घराणं, पैसा, धर्म सगळं जुळतंय, त्यामुळे लग्न होतं. ते आतून कसं विरत जातं, हे एलियट इतक्या सावकाश दाखवते की श्वास कोंडतो. कॅसॉबन मरताना मृत्युपत्रात अट घालून जातो, की डोरोथियानं विल लॅडिस्लॉशी लग्न केलं तर इस्टेट गेली. ती इस्टेट सोडते आणि विलशीच लग्न करते. गावाच्या लेखी घसरण ही.

एलियटला हे बाहेरून माहीत नव्हतं. जॉर्ज हेन्री लुइस या विवाहित माणसाबरोबर ती चोवीस वर्षं लग्नाशिवाय राहिली. भावानं तिच्याशी बोलणं टाकलं. लुइस वारल्यावर १८८० साली, साठीच्या उंबऱ्यावर, तिनं वीस वर्षांनी लहान असलेल्या जॉन क्रॉसशी रीतसर लग्न केलं, आणि त्याच भावाचं अभिनंदनाचं पत्र आलं! वयाचं अंतर त्याला चाललं. कागद असला की झालं.

(वयाच्या अंतराला इंग्रजीत ‘मे-डिसेंबर’ म्हणतात. कॅलेंडरवरचं चित्र वाटतं. देवलांच्या ‘शारदा’च्या काळी आपल्याकडे ‘जरठ-कुमारी विवाह’ म्हणत. जरठ कोण, कुमारी कोण, लपवायला जागाच नाही.)

या सगळ्यात मला पटलेला एकच शब्दप्रयोग बायबलच्या १६११च्या इंग्रजी भाषांतरातला आहे, ‘अनइक्वली योक्ड’. विषम जुंपलेले. परधर्मीयाशी लग्न करू नका म्हणून तो आजही वापरतात. तो उपयोग मला पटत नाही. पण त्यामागचं चित्र जुन्या करारातल्या शेतीच्या नियमाचं आहे, की बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नका. इथे निदान ओझं दिसतं, मान दिसते. आणि हा ‘योक’, लॅटिनचा ‘जुगुम’, संस्कृतातलं ‘युग’ आणि आपलं ‘जू’ एकाच कुळातले.

आजोबांच्या जोडीतला एक बैल कमी ताकदीचा होता. गाववाले म्हणायचे, विका. आजोबांनी जुवावरची बांधणी मध्यापासून चार बोटं दणकट बैलाकडे सरकवली. ओझं त्याच्याकडे जास्त गेलं आणि जोडी पुढे कित्येक वर्षं चालली. चार बोटं हा हिशेब आमच्याकडे जुनाच म्हणायचा.

ग्रुपवर मी अजून उत्तर दिलेलं नाही. मागच्या महिन्यात काकांच्या फोनची स्क्रीन फुटली, तेव्हा ते आमच्याच दुकानात आले. नवऱ्यानं बदलून दिली. पैसे पूर्ण घेतले.