पाणी आटलं, पण गुण आला का?

छातीत पाणी झालेल्या रुग्णाला स्टेरॉइड दिलं आणि महिन्याभरात एक्स-रे स्वच्छ आला, की घरचे म्हणतात, ‘औषधाचा गुण आला.’ हा ‘गुण’ नेमका कशाचा, ते आज तपासू.

क्षयामुळे फुप्फुसाभोवतीच्या आवरणात जमणारं पाणी फार फसवं असतं. पुष्कळदा ते क्षयाची औषधं न देताही आपलं आपण आटतं. रोपर आणि वेअरिंग यांनी १९५५ साली अमेरिकेतल्या अशा १४१ सैनिकांची पाहणी प्रसिद्ध केली. पाणी गेलं होतं. पण पुढच्या काळात सुमारे ६५ टक्के जणांना क्षयाने पुन्हा गाठलं. म्हणजे पाणी जाणं वेगळं, दुखणं जाणं वेगळं. आणि पाणी गेलं ते औषधानेच, हे तरी कशावरून? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! संस्कृतातला काकतालीय न्याय तो हाच. यावर उतारा म्हणजे तशीच दिसणारी खोटी गोळी काही रुग्णांना द्यायची, आणि कोणाला काय दिलं हे रुग्णालाही कळू द्यायचं नाही, डॉक्टरलाही नाही.

युगांडात अशी चाचणी झाली, निष्कर्ष २००४ मध्ये आले. एचआयव्ही असलेले आणि क्षयाने छातीत पाणी झालेले १९७ रुग्ण. क्षयाची औषधं सगळ्यांना. जोडीला निम्म्यांना आठ आठवडे प्रेडनिसोलोन, बाकीच्यांना खोटी गोळी. प्रेडनिसोलोनवाल्यांचा आजार लवकर ओसरला. इथेच थांबले असते तर टाळ्या पडल्या असत्या! पण मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. क्षय उलटण्याचं प्रमाण उलट किंचित जास्त दिसलं. तो फरक योगायोगाचाही असू शकेल. कापोसी सार्कोमा या कर्करोगाचं मात्र तसं म्हणता येत नाही: शंभर रुग्ण वर्षभर पाहिले तर स्टेरॉइड गटात ४.२, दुसऱ्या गटात शून्य.

माझी तक्रार या चाचणीबद्दल नाही, इतरांबद्दल आहे. कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात ६ चाचण्या आणि ५९० रुग्ण आहेत. स्टेरॉइडने पहिल्या दोन महिन्यांत पाणी लवकर कमी होतं, आवरण जाड होणंही कमी दिसतं. पण वर्षा-दोन वर्षांनी हा माणूस जिना चढताना थांबतो की नाही? फुप्फुसाची पुढची ताकद सांगायला पुरेसा पुरावाच नाही. एक्स-रेवरचं पाणी मोजणं सोपं, म्हणून तेच मोजलं गेलं, असं मला वाटतं. आता, दम लागलेल्या माणसाला लवकर आराम पडणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हे मान्य. पण पाणी सुईनेही काढता येतं, आणि त्यासाठी आठ आठवडे प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागत नाही.

कोणी विचारेल, सर, तुमचा स्टेरॉइडवरच राग आहे का? अजिबात नाही. मेंदूच्या आवरणाच्या क्षयावर व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांत डेक्सामेथासोनची चाचणी झाली, तिचे निष्कर्षही २००४ मध्येच आले. तिथे विचारलेला प्रश्न होता नऊ महिन्यांनंतर कोण जिवंत आहे आणि कोण अपंग झालं आहे. मृत्यू कमी झाले. वाचलेल्यांमधलं गंभीर अपंगत्व कमी झालं नाही, आणि तेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.