चित्र आणि पाहणारा यांतील अंतर

चित्रकलेवरील प्रबंध वाचताना एक गोष्ट वारंवार आढळते. विद्यार्थी चित्राचा विषय, काळ व शैली यांविषयी पुष्कळ लिहितो. परंतु ते चित्र त्याने कोठे, कोणत्या प्रकाशात व किती अंतरावरून पाहिले याचा उल्लेख क्वचितच करतो. पुष्कळदा त्याने मूळ चित्र पाहिलेलेच नसते. त्याचे निष्कर्ष छापील प्रतिकृतीवर उभे असतात. हा दोष विद्यार्थ्यांपुरताच मर्यादित आहे असे नाही. प्रस्तुत लेखकाकडूनही तो घडला आहे, आणि त्या अनुभवातून काय निष्पन्न झाले हे सांगणे एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

गिरगावातील चाळीत वाढलेल्या माणसाचे चित्र पाहणे बहुधा देवघरापासून सुरू होते. आमच्या घरी देवघराच्या वर राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मीची जुनी तसबीर होती. ज्या छापखान्यामुळे अशा तसबिरी घरोघर गेल्या, तो १८९४ मध्ये प्रथम गिरगावातच निघाला व पुढे मळवलीस गेला, हे मला फार उशिरा समजले. ती तसबीर आम्ही खालून, हात जोडून पाहत असू. एका दिवाळीत साफसफाईसाठी ती उतरवली तेव्हा प्रथमच जवळून दिसली, आणि लक्ष्मीच्या गालावरील छटा म्हणजे बारीक ठिपक्यांची दाटी आहे असे ध्यानात आले. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागतो व छटा अशा ठिपक्यांनी साधतात. तेव्हा त्या तसबिरीत कुंचल्याचा फटकारा शोधणे व्यर्थच होते. तिची जागा भिंतीवर उंच होती आणि दर्शन देणे हे तिचे कार्य होते. दर्शनाचे अंतर वेगळे आणि निरीक्षणाचे अंतर वेगळे, हा मला मिळालेला पहिला धडा.

दुसरा धडा संग्रहालयात मिळाला. जॉर्ज विटेट यांनी रचलेल्या व १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नावाने खुल्या झालेल्या वास्तूत, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लघुचित्रांचा मोठा संग्रह आहे. 'लौर-चंदा' या सोळाव्या शतकातील सचित्र पोथीची पाने त्याच संग्रहातील होत. साहित्याचा विद्यार्थी या नात्याने अशा पानांपुढे उभा राहिलो की मी प्रथम कथाच शोधीत असे: नायक कोणता, प्रसंग कोणता, रस कोणता. उत्तर मिळाले की पाय पुढच्या पानाकडे वळत. पोथीचे पान हे मुळात हातात धरून, बसल्या जागी, सावकाश पाहण्यासाठी रंगवलेले असते. अनेक पोथ्यांत चित्राच्या पाठीवर मजकूरही असतो. भिंतीवर लावताच ती पाठ नाहीशी होते, आणि वाचकाचा प्रेक्षक होतो. शिवाय कागदावरील रंग उडू नयेत म्हणून अशा दालनांत प्रकाश साधारणपणे ५० लक्सच्या आसपास ठेवण्याचा संकेत आहे. त्या मंद उजेडात डोळा स्थिरावण्यास काही मिनिटे लागतात. ती मिनिटे मी देत नव्हतो.

तिसरा धडा अधिक जिव्हारी लागला. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्याविषयी मी एकदा लिहिले होते. एडवर्ड्झ यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तक (१९१२), किंकेड यांच्या दख्खनी कथा (१९१४) आणि रॉथफेल्ड यांचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक (१९२०) या ग्रंथांतील त्यांची चित्रे एवढाच माझा आधार होता. धुरंधर हे कथेचे सेवक आहेत, त्यांची रेषा तपशील टिपते पण विचार करीत नाही, असा माझा निर्णय होता. २०१८ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत, म्हणजे पूर्वीच्या कावसजी जहांगीर सभागृहात, त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे एका लहान रेखाटनापुढे हातभर अंतरावर उभा राहिलो. रंगाखाली पेन्सिलीची आधीची रेषा दिसत होती. खांद्यावरून निघालेली पदराची रेषा कमरेपाशी क्षीण होई, जणू थांबे, आणि पुन्हा जोर घेऊन खाली उतरे. त्या थांबण्यात स्त्रीच्या देहाचा भार कोणत्या पायावर आहे हे चित्रकाराने ठरविले होते. पुस्तकाच्या छपाईत रेषेचा हा जोर आणि ही क्षीणता सारख्याच जाडीची झाली होती. जे छापखान्याने पुसले होते, त्याचा अभाव मी चित्रकाराच्या पदरी बांधला होता.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रतिकृतीस इतके तुच्छ लेखावे काय? मुळीच नाही. १८७२ पासून ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमधील आगीत जळाल्या. एकेका भित्तिचित्रापुढे दिवसेंदिवस बसून जी प्रत करतात, ती स्वतःच पाहण्याची एक कठोर साधना असते. त्याचप्रमाणे देवघरावरील लक्ष्मीचे मोलही कमी होत नाही. तिने तीन पिढ्यांस चित्र दाखविले. दोष प्रतिकृतीचा नव्हे. एका अंतरावरून पाहिलेल्या वस्तूवर दुसऱ्या अंतराचा निर्णय देणे, हा दोष होय.

म्हणून संशोधक विद्यार्थ्यांस एक साधी सूचना करावीशी वाटते. प्रबंधात चर्चिलेल्या प्रत्येक चित्राच्या नावाखाली दोन ओळी असाव्यात: मूळ चित्र पाहिले की प्रतिकृती, आणि पाहिले असल्यास कोठे, केव्हा व किती अंतरावरून. दादर-परळहून काळ्या घोड्यापर्यंतचा प्रवास काही फार मोठा नाही. धुरंधरांवरील माझ्या त्या जुन्या लेखात अशी ओळ देण्याचे बंधन असते, तर 'मूळ चित्रे पाहिलेली नाहीत' असे मला लिहावे लागले असते. आणि ते लिहिल्यावर पुढील निर्णय देण्यास माझा हात बहुधा धजला नसता.