‘रेलातो दे उन नाउफ्रागो’ : निवेदकाचा ‘मी’

गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या ‘रेलातो दे उन नाउफ्रागो’ या कृतीचा विचार करताना पहिला प्रश्न उभा राहतो तो कर्तृत्वाचा. १९५५ साली बोगोता येथील ‘एल एस्पेक्तादोर’ या दैनिकात हे निवेदन चौदा भागांत प्रसिद्ध झाले, ते लुइस आलेहांद्रो वेलास्को या खलाशाच्या नावाने. १९७० मध्ये ग्रंथरूप लाभले तेव्हा कोठे त्यास मार्केझ यांचे नाव जोडले गेले. भोगणारा एक आणि लिहिणारा दुसरा. मग त्यातील ‘मी’ कोणाचा?

२८ फेब्रुवारी १९५५ रोजी मोबीलहून कार्ताहेनास परतणाऱ्या ‘काल्दास’ या कोलंबियन विनाशिकेवरून आठ खलाशी समुद्रात फेकले गेले. त्यांपैकी एकटा वेलास्को तराफ्यावर दहा दिवस काढून किनाऱ्यास लागला. एवढ्या सामग्रीवर भडक साहसकथा सहज रचता आली असती. येथे मात्र निवेदक वारंवार मनगटावरील घड्याळ पाहतो. शार्क मासे रोज सायंकाळी पाचच्या सुमारास येतात, याची तो नोंद ठेवतो. मारलेल्या समुद्रपक्ष्याचे मांस त्याच्या घशाखाली उतरत नाही. तेव्हा तो खिशातील कागदी पत्रिका चघळतो, जोडा व पट्टा चावून पाहतो. भीतीचे वर्णन नसून भीतीची मोजदाद आहे, आणि म्हणूनच ती वाचकास भिडते.

ही वृत्तपत्रीय हकीकत आहे, वाङ्मय नव्हे, असा आक्षेप घेता येईल. परंतु याच तपशीलनिष्ठेतून कृतीचा गाभा प्रकट होतो. वादळ झालेच नव्हते. डेकवर बेकायदा लादलेली शीतकपाटे व धुलाईयंत्रे सुटून खलाशी पाण्यात गेले, ही गोष्ट निवेदक कोणताही आवेश न आणता सांगतो. वादळ मानले तर दोष दैवाचा ठरतो. ते नाकारताच तो माणसांकडे येतो. रोहास पिनिया यांच्या लष्करी राजवटीस नेमके हेच सोसवले नाही. वेलास्कोला नौदल सोडावे लागले, आणि काही महिन्यांनी दैनिकही बंद पडले.

बुडालेले सात सोबती आरंभानंतर केवळ भासरूपाने डोकावतात, ही या निवेदनाची उणीव म्हणता येईल. तथापि एकाकी मनाची कक्षाच तेवढी असते. आपले शौर्य म्हणजे मरण्यास नकार देणे एवढेच, अशी कबुली अखेरीस राष्ट्रवीर ठरलेला हा खलाशी देतो. या ‘मी’मध्ये अनुभव वेलास्कोचा आणि संयम मार्केझ यांचा आहे. दोहोंपैकी एक वजा केल्यास कृती उरत नाही. मुखपृष्ठावर मात्र एकच नाव राहिले आहे.