ताऱ्यांची पंगत

हॉटेलांना तारे कोण वाटतं, ठाऊक आहे? टायर विकणारी फ्रेंच कंपनी! मिशेलिनने १९०० साली मोटारवाल्यांसाठी पुस्तिका काढली, १९२६ पासून तारे सुरू केले. तीन तारे म्हणजे मुद्दाम प्रवास करून गाठावं असं जेवण. टायर झिजायला नकोत?

मुंबईतल्या एका बक्षीसवाल्या ठिकाणी जेवलो. परातीएवढ्या बशीत मधोमध लिंबाएवढं भरीत. चव, खोटं कशाला बोला, अप्रतिम. वाढप्याने भरताचं कुळगोत्र सांगितलं. ‘आणखी घ्या’ तेवढं म्हणाला नाही. आपण पाहुणे की परीक्षार्थी, तेच कळेना. आमच्या देवळाली कॅम्पात मिसळीवर रस्सा न मागता पडतो. अर्थात, बोटीची वाट पाहून भ्रमिष्ट झालेल्या गोऱ्या सोल्जरांमुळे ज्या गावाचं नाव इंग्रजीत ‘डुलॅली’ म्हणजे वेडा असं झालं, तिथल्या माणसाचं मत किती मनावर घ्यायचं, ते तुम्हीच ठरवा.