वार्धक्य आणि श्रोता : तीन मराठी नाटकांच्या निमित्ताने

वार्धक्यविषयक मराठी नाटकांची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : वृद्ध आईवडिलांना सांभाळायचे कोणी? या प्रश्नामुळे नाटकाची फिर्याद होते, मुले आरोपी ठरतात आणि प्रेक्षक न्यायाधीश. माणसाला किती जगावेसे वाटते आणि कशासाठी, हा त्याआधीचा प्रश्न मात्र उच्चारलाही जात नाही. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०), जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ आणि महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) ही नाटके या प्रश्नाच्या अंगाने वाचली, तर त्यांच्या संवादरूपालाही वेगळा अर्थ प्राप्त होतो.

दीर्घायुष्याच्या भारतीय कल्पनेचा एक मूलाधार शुक्ल यजुर्वेदाच्या ३६व्या अध्यायातील प्रार्थनेत आहे. तेथे शंभर शरद नुसते जगण्याचे मागणे नाही. तितकाच काळ पाहण्याचे, ऐकण्याचे, बोलण्याचे आणि अदीन राहण्याचेही आहे. ‘शतायुषी हो’ या रूढ आशीर्वादात आकडा उरला, अटी गळून पडल्या. त्यांतील ऐकणे आणि बोलणे या क्रिया एकट्याने पुऱ्या होत नाहीत. समोर कोणी असावे लागते. वार्धक्याची प्रत ठरविणारा घटक म्हणून ‘श्रोता’ ही कोटी येथे स्वीकारली आहे, ती या अर्थाने.

गणपतराव बेलवलकर आपली संपत्ती मुलगा व मुलगी यांच्यात वाटून टाकतात आणि पुढे दोन्ही घरांतून उखडले जातात. कृतघ्नतेचे हे सूत्र ठळक असल्याने त्याखालील दुसरे सूत्र झाकले जाते. बेलवलकर हा आयुष्यभर श्रोत्यांसमोर बोललेला माणूस आहे. मुलांच्या घरी त्याला छप्पर मिळते, पण त्याचे बोलणे तेथे अडचणीचे ठरते. कावेरीच्या मृत्यूनंतर त्याचा हक्काचा श्रोताही नाहीसा होतो. ज्यांना अनेकदा केवळ अभिनयाची संधी मानले जाते, ती त्याची स्वगते वस्तुतः श्रोता हरवलेल्या भाषेचे रूप आहेत. बूटपॉलिश करणाऱ्या राजाच्या सोबतीत, उघड्यावर, त्याला पुन्हा बोलता येते. शरीराची सोय कमी होते आणि अदीनपणा मात्र काही अंशी परत येतो. कृतघ्नतेच्या सूत्रात ही विसंगती बसत नाही.

‘संध्याछाया’त नाना आणि नानी यांना एकमेकांची सोबत आहे, दारिद्र्य नाही. एक मुलगा परदेशी, दुसरा सैन्यात. येणाऱ्याजाणाऱ्या परक्या माणसालाही बोलण्यात गुंतवून ठेवण्याची त्यांची धडपड हास्यकारक वाटते, आणि त्याच हास्यातून नाटक शोकान्ताकडे सरकते. दोघे परस्परांचे श्रोते असूनही ते पुरेसे ठरत नाही, कारण त्यांचे सारे बोलणे तिसऱ्या, अनुपस्थित व्यक्तीला उद्देशून आहे. धाकट्या मुलाच्या मृत्यूनंतर ते जीवन संपविण्याचा निर्णय घेतात, तेव्हा किती जगायचे याचे उत्तर वर्षांत नव्हे, प्रतीक्षेच्या शक्यतेत दडलेले दिसते. हे उत्तर नाटक समर्थनीय ठरवीत नाही. ते प्रेक्षकाला अस्वस्थ करून सोडते.

कायद्याने या प्रश्नाच्या दोन कडांना स्पर्श केला आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यात, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळविण्याची तरतूद आहे. बेलवलकरांनी अट घातलीच नव्हती; प्रेमाने देणारा ती सहसा घालत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला, तो असाध्य आजाराने मरणोन्मुख झालेल्यांवरील उपचार थांबविण्याच्या संदर्भात. नाना-नानींचे दुखणे त्या व्याख्येत येत नाही. निर्वाह आणि मरण यांविषयी कायदा बोलू शकतो. त्यांच्या मधल्या मौनाविषयी नाही.

हे मौन सर्वाधिक नेमकेपणाने आढळते ते ‘वाडा चिरेबंदी’तील दादीत. ती नाटकाची नायिका नाही, तिच्यावर अन्यायही झालेला नाही. घर तिला सांभाळते आहे. मुलाच्या मृत्यूनंतरही ती त्यालाच हाक मारून किती वाजले, असे विचारीत राहते. वेळ कोणीही सांगू शकेल, पण प्रश्न ज्याला विचारलेला आहे तो उत्तर देणार नाही. येथे स्वगतही नाही आणि संभाषणही नाही. उरतो तो एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा.

शिरवाडकरांपासून एलकुंचवारांपर्यंत वृद्धाचे शब्द असे कमी होत जातात आणि आरोपीही दिसेनासा होतो. मुलांना दोषी ठरविणारी समीक्षा दादीपाशी निरुत्तर होते, कारण तेथे दोषी कोणीच नाही. केवळ सांभाळणे पुरेसे नसते, हे ही नाटके क्रमाने सिद्ध करीत जातात. म्हणूनच शंभर वर्षांची इच्छा धरणाऱ्या समाजाने त्या जुन्या प्रार्थनेतील गळलेल्या अटींचा विचार प्रथम केला पाहिजे.